घर भाड्याने देण्यापूर्वी ओल झाकू नका, काढा

पावसाळा संपला की रंगाच्या दुकानात एक ठराविक गिऱ्हाईक येते. रंग आणि हार्डवेअरच्या धंद्यात बरीच वर्षे काढल्यामुळे मी ते लांबूनच ओळखतो. त्याची मागणी साधी असते. "भाई, खोली भाड्याने द्यायची आहे. भिंतीला ओल आहे. दोन-तीन महिने तरी दिसणार नाही असा एखादा रंग द्या." असा रंग मिळतो. ओलीवर पुट्टी ओढून वर दोन हात मारले की भिंत नव्यासारखी दिसते. भाडेकरू बघायला येतो, अनामत देतो, कुटुंब आणि सामान घेऊन राहायला येतो. पुढच्या जुलैत पोपडे सुटतात, कपाटातील कपड्यांना बुरशी येते आणि लहान मुलांना खोकला धरतो. तोपर्यंत अनामत घरमालकाच्या खिशात गेलेली असते.

मीही पूर्वी असा माल विनातक्रार दिला आहे. गिऱ्हाईक मागेल ते द्यावे, एवढाच व्यापार तेव्हा मला कळत होता. आज मात्र व्यापारी आणि कारागीर बंधूंपुढे हा विषय मुद्दाम मांडत आहे. आपल्या वस्त्यांमध्ये खोल्या भाड्याने देणे हा आता एखाद-दुसऱ्या धनिकाचा उद्योग राहिलेला नाही. यंत्रमागावर चार पैसे साठवलेला, आखातात दहा वर्षे राबून परतलेला, दुकानाच्या नफ्यातून एक मजला वाढवलेला, असा प्रत्येक जण आज घरमालक आहे. म्हणून भाडे हाही आपला एक धंदाच आहे आणि धंद्याचे सर्व हलाल-हराम त्यालाही लागू आहे.

प्रेषित मुहम्मद (स.) मदिनेच्या बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या एका ढिगात हात घातल्याची घटना आपण सर्वांनी जुम्म्याच्या बयानात ऐकली आहे. वरचे धान्य कोरडे होते आणि आतले भिजलेले निघाले. ते पावसाने भिजल्याचे विक्रेत्याने सांगितले. तेव्हा लोकांना दिसेल असे ते वर का ठेवले नाहीस, असे प्रेषितांनी (स.) विचारले आणि फसवणूक करणारा आपल्यापैकी नाही अशी ताकीद दिली. पाऊस पडला हा विक्रेत्याचा गुन्हा नव्हता. ओल खाली दडवली, हा गुन्हा होता. भिंतीच्या ओलीवर पुट्टी ओढणाऱ्याने ही घटना आठवावी. शरीअतमध्ये भाड्याच्या व्यवहाराला इजारा म्हणतात. त्यात घराचा वापर विकला जातो. विकाऊ मालातील दोष सांगणे जसे बंधनकारक, तसेच भाड्याच्या घरातील दोष सांगणेही.

झाकण्याचा हिशेब आणि काढण्याचा हिशेब

काही जण म्हणतील, धर्माची गोष्ट खरी, पण खर्च कोण करणार? म्हणून आधी खर्चाचाच हिशेब करू. आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. महिना 6,000 रुपये भाड्याची खोली आहे. दरवर्षी ओल झाकण्याचा रंग 5,000 रुपयांचा. पावसाळ्यात भाडेकरू सोडून जातो आणि खोली दोन महिने रिकामी राहते, ते 12,000. म्हणजे वर्षाला 17,000 आणि तीन वर्षांत 51,000 रुपये गेले, शिवाय नाव खराब झाले ते वेगळेच. याच ओलीचे मूळ शोधून एकदाच 25,000 खर्च केले असते तर निम्म्या पैशांत काम झाले असते. दुकानात तराजू नीट धरणारे आपण घराच्या बाबतीत हा साधा हिशेब करीत नाही.

ओलीची मुळे साधारण चार असतात. गच्चीची गळती, बाहेरच्या भिंतीच्या भेगा, मोरी-संडासातील नळ व नहाणी ट्रॅपच्या जोडातून पाझरणारे पाणी आणि जमिनीतून वर चढणारा ओलावा. मूळ कोणते, हे ओळखल्याशिवाय रंगाचा डबा उघडू नये. ओल फक्त पावसाळ्यात येत असेल तर दोष बहुधा गच्चीत किंवा बाहेरच्या भिंतीत असतो. बारा महिने राहत असेल तर पाण्याच्या नळांचा संशय धरावा. मोरीची परीक्षा सोपी आहे. जाळी बोळ्याने बंद करून फरशीवर बोटभर पाणी एक दिवस साठवावे आणि खालच्या मजल्याचे छत बघावे. भिंतीबद्दल शंका असेल तर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावून दुसऱ्या दिवशी काढावा. मागच्या बाजूला दव जमले असेल तर ओल भिंतीत आहे. जमिनीतून चढणारा ओलावा असेल तर त्यावर तेलरंग कधीही मारू नये. ओलावा आत कोंडतो आणि प्लास्टर फुगून पडते. अशा भिंतीला चुन्याचा हात बरा, तो भिंतीला श्वास घेऊ देतो.

दुरुस्तीनंतर नवीन प्लास्टरला निदान आठवडाभर पाणी मारावे आणि रंगापूर्वी महिनाभर तरी सुकू द्यावे. भाडेकरू उद्या येतो आहे म्हणून आज प्लास्टर आणि संध्याकाळी रंग, ही घाई पैसे पाण्यात घालणारी आहे.

वीज, गॅस आणि इमारतीचा जीव

ओल दिसते तरी. विजेचा दोष दिसत नाही आणि तो जीव घेतो. आपल्या अनेक खोल्यांमध्ये तीन पिनचे सॉकेट असते, पण त्यामागे अर्थिंगची तारच नसते. काही वायरमन अर्थचे टोक न्यूट्रलला जोडून मोकळे होतात. पुढे कुठे न्यूट्रल तुटली की फ्रिजच्या किंवा मशीनच्या पत्र्यातच करंट उतरतो. घर देण्यापूर्वी खरी अर्थिंग करून घ्यावी आणि मेन स्विचजवळ 30 मिलिअँपिअरवर तुटणारे गळतीरोधक ब्रेकर बसवावे. दिव्यांची वायर 1.5 चौरस मिलिमीटरची चालते, पण त्याच वायरवर गिझर किंवा शेगडी चालवणे म्हणजे आगीला आमंत्रण. गॅसची नळी आयएसआय मार्कची असावी आणि पाच वर्षांनी बदलावी. गॅस गिझर बंद मोरीत कधीही बसवू नये. त्याच्या ज्वलनातून होणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला रंग नाही आणि वासही नाही. आंघोळीला गेलेला माणूस बाहेर येत नाही, तेव्हाच कळते.

खोलीपेक्षा इमारत मोठी. 4 एप्रिल 2013 रोजी मुंब्र्याजवळच्या शीळ भागात बांधकाम चालू असलेली बेकायदा इमारत कोसळून 74 माणसे गेली. तिच्यात लोक राहायलाही आलेले होते. 24 ऑगस्ट 2020 रोजी महाडमध्ये पाच मजली इमारत कोसळून 16 जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर महिनाभराच्या आतच, 21 सप्टेंबरच्या पहाटे, भिवंडीत तीन मजली इमारत पडून 30 हून अधिक माणसे ढिगाऱ्याखाली गेली. या जखमा आपल्याच वस्त्यांच्या आहेत. ज्या इमारतीत आपण स्वतः बायकामुलांना घेऊन राहणार नाही, तेथे दुसऱ्याचे बायकापोर भाड्याने ठेवण्याचा आपल्याला काय अधिकार? सहकारी संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे 15 ते 30 वर्षांच्या इमारतीची संरचना-तपासणी दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीची दर तीन वर्षांनी करावयाची असते. सोसायटी नसेल तरी घरमालकांनी वर्गणी काढून अभियंत्याकडून ती करून घ्यावी. खांबाच्या भेगेवर पुट्टी ओढणे हे ओलीवर रंग मारण्याहून मोठे पाप आहे.

कागद तयार नसेल तर घर तयार नाही

घर तयार करणे म्हणजे केवळ भिंती आणि नळ नव्हेत. कागदही तयार हवा. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आज्ञा पवित्र कुरआनच्या ज्या आयतीत आहे (सूरह अल-बकरा, 282), ती कुरआनमधील सर्वांत मोठी आयत आहे. तरीही आपल्याकडे "आपलाच माणूस आहे, लिहायचे काय?" म्हणून चाव्या दिल्या जातात. मग भांडण होते आणि तो आपला माणूस राहत नाही.

दुसरा गैरसमज अकरा महिन्यांच्या करारांचा. शंभराच्या स्टँपपेपरवर नोटरीचा शिक्का मारला आणि मुदत अकरा महिने ठेवली की नोंदणी लागत नाही, असे एजंट छातीठोकपणे सांगतात. महाराष्ट्रात हे खरे नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 हा 31 मार्च 2000 पासून लागू आहे. त्याच्या कलम 55 प्रमाणे भाड्याचा किंवा लीव्ह अँड लायसन्सचा करार, मुदत कितीही असो, लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे. नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. ती पार पाडली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्हीही होऊ शकते. शिवाय नोंदणी नसेल तर कोणत्या अटींवर जागा दिली याबद्दल भाडेकरूचे म्हणणे प्रमाण धरले जाते. ते खोटे ठरवायचे काम मालकाच्या गळ्यात पडते.

नोंदणीचा खर्च फार मोठा नाही. 60 महिन्यांपर्यंतच्या लीव्ह अँड लायसन्स करारावर मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या 0.25 टक्के, म्हणजे लाखामागे अडीचशे रुपये आहे. वर नोंदणी फी. हे काम ऑनलाइनही होते. बदल्यात मालकाला मोठे संरक्षण मिळते. मुदत संपूनही जागा सोडली नाही तर कलम 24 प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि जादा राहिलेल्या काळासाठी दुप्पट रक्कम मागता येते. आपल्या वडीलधाऱ्यांच्या मनात भाडेकरूची जी भीती आहे ती 1947 च्या मुंबई भाडे कायद्याच्या काळातील आहे. तेव्हा भाडी गोठली होती आणि खोली एकदा दिली की गेलीच समजायची. त्या भीतीने आजही कोकणातील कितीतरी घरे कुलूप लावून वाळवीच्या स्वाधीन केली जातात. कायदा बदलला आहे, आपणही बदलावे.

मात्र कायदा दोन्ही बाजूंनी चालतो. भाडे थकले म्हणून नळ किंवा वीज तोडणे हा कलम 29 प्रमाणे गुन्हा आहे. वसुली कायद्याने करावी, पाणी तोडून नव्हे. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी, सोसायटीलाही कळवावे. सोसायटीने लावायचे बिनभोगवटा शुल्क 1 ऑगस्ट 2001 च्या शासन आदेशाने सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही, हे आपल्यापैकी अनेकांना माहीत नसते आणि ते मुकाट्याने जास्त भरत राहतात.

चाव्या देतानाच एक यादी करावी. पंखे किती, दिवे किती, नळ कोणते चालू, कोणत्या फरशीला तडा आहे, मीटरचा आकडा काय, चाव्या किती. दोन प्रती, दोघांच्या सह्या. मोबाईलवर प्रत्येक भिंतीचा फोटो घेऊन ठेवावा. घर सोडताना होणारी निम्मी भांडणे या एका कागदाने मिटतात.

हेवी डिपॉझिट आणि बहिणीचा हिस्सा

आता ज्या गोष्टी बोलल्या की नाती दुरावतात, अशा दोन गोष्टी बोलतो.

पहिली हेवी डिपॉझिटची. मुंब्रा, भिवंडी, कुर्ला अशा आपल्या वस्त्यांमध्ये ही पद्धत फार रुजली आहे. भाडेकरू चार-पाच लाख रुपये एकदम देतो, बिनभाड्याने राहतो आणि जाताना पूर्ण रक्कम परत घेतो. दोघेही खूश असतात. भाडेकरूला वाटते, आपण फुकट राहिलो. मालकाला वाटते, बिनव्याजी भांडवल मिळाले. पण बहुतेक उलेमांच्या मते ही रक्कम म्हणजे मालकाला दिलेले कर्ज आहे आणि कर्जाच्या बदल्यात घराचा फुकट वापर घेणे हे व्याजच आहे. ज्यांना हे मौलवी साहेबांचे बोलणे वाटत असेल त्यांनी सरकारचा मुद्रांक कायदा पाहावा. परत करावयाच्या अनामतीवर दरसाल 10 टक्के व्याज गृहीत धरून तो शुल्क आकारतो. पाच लाखांवर वर्षाला 50,000, म्हणजे महिना सुमारे 4,167 रुपये. ज्याला आपण फुकट म्हणतो त्याच्यातले व्याज सरकारी बाबूला दिसते, आपल्याला दिसत नाही.

दुनियेच्या दृष्टीनेही ही पद्धत घातक आहे. मालक ते पैसे मालात, लग्नात किंवा दुसऱ्या खोलीत घालतो. भाडेकरू जायला निघाला की मालक नव्या भाडेकरूच्या शोधात धावतो. म्हणजे एकाचे डिपॉझिट दुसऱ्याच्या डिपॉझिटने फेडायचे. साखळी तुटली की भाडेकरू जागा सोडत नाही आणि मालक पैसे देत नाही. माझे मत स्पष्ट आहे. वाजवी भाडे घ्यावे आणि अनामत दोन-तीन महिन्यांच्या भाड्याइतकीच ठेवावी. ती अमानत समजून वेगळ्या खात्यात ठेवावी. केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्यातही राहत्या घरासाठी अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त नसावी असे सुचवले आहे. ज्यांनी आधीच मोठी रक्कम घेतली आहे त्यांनी ती थोडीथोडी परत करून भाड्यावर यावे. जड जाईल, पण अशक्य नाही.

दुसरी गोष्ट वडिलोपार्जित घराची. घरपट्टी अजून आजोबांच्या नावाची असते. भाऊ खोल्या भाड्याने देतात आणि भाडे वाटून घेतात. बहीण सासरी आहे म्हणून तिला विचारतही नाहीत. सूरह अन-निसामध्ये तिचा हिस्सा अल्लाहने ठरवून दिला आहे. मुलाच्या निम्मा, पण ठरलेला. ज्या घरात तिचा हिस्सा त्या घराच्या भाड्यातही तिचा हिस्सा. भाड्याची खोली रंगवण्यापूर्वी वारसांची नावे लावून घ्यावी आणि तिचा वाटा तिच्या हातात द्यावा. ती आपल्या खुशीने सोडेल तर तो तिचा अधिकार. पण भावांनी गृहीत धरून वापरले तर त्या कमाईत बरकत कुठून येणार?

जकातीबाबतही पुष्कळ जण विचारतात. भाड्याने दिलेल्या घराच्या किमतीवर जकात नाही. भाड्याची जी रक्कम खर्च होऊन शिल्लक राहते ती इतर पैशांत मिळवावी. निसाब पूर्ण होत असेल तर वर्षाअखेर अडीच टक्के द्यावे. अनामतीची जकात कोणी द्यायची याबाबत आपल्या आलिमांना विचारून घ्यावे.

कारागीर बंधूंना आणि मोहल्ल्याला

कारागीर बंधूंनो, मालक म्हणेल, "वरवर करून टाक." तुम्ही एकदा तरी स्पष्ट सांगा की शेठ, हे टिकणार नाही आणि यात राहणाऱ्याला त्रास होईल. ओल दाबणारा रंगारी, न्यूट्रलला अर्थ जोडणारा वायरमन आणि भेग बुजवणारा गवंडी हे त्या फसवणुकीचे भागीदार होतात. मी त्यांना माल देत होतो, तेव्हा मीही होतो. आता माझ्याकडे कोणी ओल झाकण्याचा रंग मागितला तर मी आधी गळती कुठे आहे हे विचारतो. काही गिऱ्हाईके दुसरीकडे जातात. काही थांबून ऐकतात आणि पुढे तेच कायमचे गिऱ्हाईक होतात. मालकांनीही कारागिराची मजुरी अडवून ठेवू नये. मजुराचा घाम सुकण्यापूर्वी त्याचा मोबदला देण्याची शिकवण आपल्याला आहे.

शेवटी एक कटू गोष्ट. मोठ्या शहरांच्या चांगल्या भागांत नाव ऐकूनच आपल्या मुलांना घर नाकारले जाते, अशी आपली तक्रार असते आणि ती खरी आहे. पण आपल्याच मोहल्ल्यात परप्रांतातून आलेल्या जरीकामगाराला, दुसऱ्या जमातीच्या कुटुंबाला किंवा एकट्या विधवेला आपण कोणती खोली दाखवतो? बहुतेक वेळा तीच, जिची ओल आपण रंगाने झाकलेली असते. भाडेही जास्त घेतो, कारण त्याला दुसरीकडे कोणी घर देणार नाही हे आपल्याला माहीत असते. दुसऱ्यांनी आपल्या लाचारीचा फायदा घेतला की तो जुलूम, आणि आपण घेतला की तो व्यापार, हे कसे चालेल?

प्रत्येक मोहल्ला कमिटीने आणि जमातीने एवढे करावे. कराराचा एक नमुना व सामानाच्या यादीचा एक छापील कागद ठेवावा आणि एका चांगल्या वायरमनचे, एका गवंड्याचे व एका अभियंत्याचे नाव लोकांना द्यावे. त्याला ना मोठी संस्था लागते ना मोठा निधी. आणि घरमालकाने भाडेकरूला चावी देण्यापूर्वी एक रात्र त्या खोलीत झोपून पाहावे. पाणी येते का, हवा खेळते का, भिंत कोरडी आहे का, हे त्याला आपोआप कळेल. जे घर आपल्याला एका रात्रीसाठी चालत नाही, ते दुसऱ्याला अकरा महिन्यांसाठी देऊ नये.

अल्लाह आपल्या सर्वांच्या कमाईत हलालाची बरकत देवो. आमीन.